ऑइलचा ग्रेड कंपनीचा, बदलाची मुदत आपल्या रस्त्यांची

मे महिन्यात नंदुरबारच्या गॅरेजात ऑइल बदलायला गेलेल्या गाडीमालकाला एक सल्ला हमखास मिळतो. "उन्हाळा आहे भाऊ, घट्ट ऑइल टाकून घ्या." पारा चाळीस अंशांच्या वर गेलेला असतो, बॉनेटला हात लाववत नाही, त्यामुळे सल्ला लगेच पटतो. मग ज्या गाडीच्या हँडबुकात ०डब्ल्यू-२० लिहिले आहे तिच्यात २०डब्ल्यू-५० ओतले जाते. गाडी दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. आवाज थोडा कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून मालकही खूश असतो. ॲव्हरेज कमी झाले, सकाळी स्टार्ट करताना इंजिन जड वाटू लागले, तर त्याचा संबंध ऑइलशी कोणी जोडत नाही.

सल्ला देणाऱ्या मिस्तरीचा हेतू चांगलाच असतो. त्याचे हात कमांडर जीप, जुनी बोलेरो, टाटा सुमो यांच्यावर तयार झालेले असतात आणि त्या इंजिनांना घट्ट ऑइल मानवत होते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र इंजिने बदलली, इंधन बदलले, धुराचे नियम बदलले. एमएच-३९ पासिंगच्या गाड्यांत आता टर्बो पेट्रोल आहे, सीएनजी आहे, बीएस-६ डिझेल आहे, ऑटोमॅटिकही आहे. या सगळ्यांना एकच ऑइल चालणार नाही. दुसरीकडे, या जिल्ह्यातली धूळ, घाट आणि पावसाळ्यातले फरशी पूल यांचा विचार कंपनीच्या साध्या सर्व्हिस वेळापत्रकात केलेला नसतो. म्हणून इथल्या गाडीमालकाने दोन निर्णय वेगवेगळे करायला हवेत. ऑइल कोणते टाकायचे हे हँडबुक पाहून ठरवावे आणि ते कधी बदलायचे हे आपल्या रस्त्यांकडे पाहून.

उन्हाळा आणि घट्ट ऑइल

ऑइलची दाटी, म्हणजे विस्कॉसिटी, प्रयोगशाळेत दोन ठरावीक तापमानांना मोजतात: ४० अंश आणि १०० अंश सेल्सिअस. यातला ४० अंशांचा आकडा म्हणजे जवळजवळ नंदुरबारची मे महिन्यातली दुपार. त्या तापमानाला २०डब्ल्यू-५० हे ५डब्ल्यू-३० पेक्षा साधारण अडीचपट दाट असते. उन्हात तापलेल्या गाडीतही स्टार्ट मारल्यावर पहिल्या काही सेकंदांत दाट ऑइल कॅमशाफ्टपर्यंत आणि टर्बोच्या बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते. इंजिनाची झीज बरीचशी याच सुरुवातीच्या वेळात होते.

गाडी चालू लागली की बाहेरच्या हवेचा प्रभाव आणखी कमी होतो. थर्मोस्टॅट कूलंटला ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो आणि ऑइल साधारण ९० ते ११० अंशांवर काम करते. अक्राणीत डिसेंबरची गोठवणारी पहाट असो की शहाद्यात मेची दुपार, गरम झालेल्या इंजिनाच्या आत फारसा फरक पडत नाही. त्यामुळे ऋतूप्रमाणे ग्रेड बदलण्याचे कारण आता उरलेले नाही. ते एकाच नंबरच्या, म्हणजे मोनोग्रेड, ऑइलच्या काळात होते.

ऑइलवर खरा ताण येतो तो चढ आणि वजन यांचा. म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळला जाताना गाडी सुमारे हजार मीटर चढते. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली घाट लागतो, अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाट. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून, सात माणसे आणि टपावर सामान घेऊन चढणाऱ्या गाडीचे ऑइल नेहमीच्या तापमानाच्या बरेच वर जाते. चांगल्या प्रतीचे ऑइल अशा वेळी फाटत नाही, म्हणजे त्याचा थर तुटत नाही आणि त्याचे रसायन जळून चिकटा होत नाही. इथे दाटीपेक्षा प्रत महत्त्वाची ठरते.

एक अपवाद सांगायला हवा. काही हँडबुकांत तापमानाचा तक्ता असतो आणि त्यात दोन-तीन ग्रेड चालतील असे दिलेले असते, उदाहरणार्थ ५डब्ल्यू-३० आणि १५डब्ल्यू-४०. गाडी रोज लोड घेऊन घाट चढत असेल, तर त्या यादीतला दाट ग्रेड निवडणे योग्यच. यादीबाहेर मात्र जाऊ नये.

डब्यावर काय वाचायचे

ऑइलच्या डब्यावर समोर ब्रँडचे नाव आणि 'सुपर', 'मॅक्स' असे शब्द मोठ्या अक्षरांत असतात. कामाची माहिती बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत असते. डबा हातात घेऊन तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली गोष्ट ग्रेड. ५डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू हिवाळ्याचा. ५डब्ल्यू ऑइल उणे ३० अंशांतही इंजिन फिरू देईल इतके पातळ राहावे लागते, तर २०डब्ल्यूला उणे १५ अंशांपर्यंतच सूट आहे. नंदुरबारला इतकी थंडी कधीच पडत नाही. तरीही पहिला आकडा जितका लहान, तितके ऑइल थंड इंजिनात लवकर पळते, हा फायदा इथेही मिळतो. दुसरा आकडा १०० अंशांवरची दाटी सांगतो. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक, ४० म्हणजे १२.५ ते १६.३. अलीकडच्या कित्येक छोट्या पेट्रोल गाड्यांना ०डब्ल्यू-२० लागते, काहींना ०डब्ल्यू-१६ सुद्धा. या इंजिनांत ऑइलच्या वाटा अरुंद असतात, व्हॉल्व्हचे टायमिंग ऑइलच्या दाबावर बदलते आणि टायमिंग चेनचा टेन्शनरही त्याच दाबावर चालतो. घट्ट ऑइल त्या वाटांतून वेळेवर फिरत नाही.

दुसरी गोष्ट एपीआयची अक्षरे. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या पद्धतीत पेट्रोल इंजिनाच्या ऑइलचा वर्ग 'एस' ने सुरू होतो आणि डिझेलचा 'सी' ने. पुढचे अक्षर जितके नंतरचे, तितका वर्ग नवा. एसएन २०१० मध्ये आला, एसपी २०२० मध्ये. टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएमवर जोर दिला की कधीकधी इंधन वेळेआधीच पेट घेते आणि पिस्टनला तडा जाऊ शकतो. ते टाळण्याची चाचणी एसपी वर्गात आहे. म्हणून टर्बो पेट्रोलला एसपी किंवा त्याहून नवा वर्गच घ्यावा. पेट्रोल गाडीत नवा वर्ग जुन्याच्या जागी चालतो, पण हँडबुकात एसएन लिहिले असताना एसएल किंवा त्याहून जुने घेऊ नये.

तिसरी गोष्ट डिझेलवाल्यांसाठी, आणि ती चुकली तर सर्वांत महाग पडते. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आला. साध्या डिझेल ऑइलमध्ये राख तयार करणारे घटक जास्त असतात. ही राख डीपीएफमध्ये साचते आणि काजळीप्रमाणे जळून जात नाही. म्हणून अशा गाडीला कमी राखेचे ऑइल लागते. त्याच्या डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३, मोठ्या डिझेलसाठी एपीआय सीके-४, असे काहीतरी लिहिलेले असते. नेमके कोणते, ते हँडबुक सांगते. जुन्या पिकअपसाठी आणलेला सीआय-४ चा उरलेला डबा नव्या बीएस-६ गाडीत ओतणे म्हणजे फिल्टरचा खर्च अंगावर ओढवून घेणे.

इथेनॉल आणि सीएनजी

नंदुरबार हा ऊस पिकवणारा जिल्हा. पुरुषोत्तमनगरचा सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखाना आणि उसाच्या ट्रॉल्या शहाद्याच्या लोकांना नवीन नाहीत. त्याच उसापासून निघणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये आहे. २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. याचा ऑइलशी थेट संबंध आहे. घर ते दुकान, दुकान ते बाजार समिती अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही. मग थोडे इंधन आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये उतरते आणि तिथेच राहते. ऑइल भरण्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला फिकट, साईसारखा थर दिसला तर तो याचाच असू शकतो. एपीआय एसपीसोबत आयएलसॅक जीएफ-६ए ही खूण असलेले ऑइल इथेनॉलयुक्त इंधनाचा विचार करून तपासलेले असते. शिवाय आठवड्यातून एकदा गाडी वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवावी. ऑइल तापते आणि आतला ओलावा उडून जातो. झाकणाखालचा थर त्यानंतरही जात नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट तपासून घ्यावे.

सीएनजी गाड्यांचे ऑइल हजारो किलोमीटर स्वच्छ दिसते, कारण गॅस जळताना काजळी फार कमी होते. रंग पाहून मुदत वाढवण्याचा मोह इथेच होतो. पण गॅसवर ज्वलनाचे तापमान जास्त असते आणि ऑइल दिसायला सोनेरी असले तरी आतून बिघडत जाते. डिझेलमध्ये नेमके उलट होते. नवे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. दोन्हीकडे रंगावरून निकाल लावणे चुकीचे. निकाल किलोमीटर आणि महिने पाहून लावावा.

कधी बदलायचे

बऱ्याच कंपन्या पेट्रोल गाडीसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, असे सांगतात. काही डिझेल गाड्यांना यापेक्षा लांब मुदत असते. त्याच हँडबुकात मागच्या पानांवर 'कठीण वापर' या नावाचा दुसरा तक्ताही असतो. तो फारसा कोणी वाचत नाही. धुळीचे रस्ते, डोंगराळ भाग, सतत लहान फेऱ्या, जास्त वजन, ट्रेलर ओढणे, बराच वेळ उभ्याने इंजिन चालू ठेवणे, असे वापराचे प्रकार त्यात दिलेले असतात आणि त्यांच्यासाठी मुदत बहुधा निम्मी केलेली असते.

नंदुरबारच्या कितीतरी गाड्या या तक्त्यात मोडतात. मिरचीच्या हंगामात पथारीपर्यंत माल नेणारी पिकअप, शेतरस्त्यांवरून पपई आणि केळी काढणारा छोटा हत्ती, मोलगीच्या बाजाराला माणसे भरून जाणारी काळीपिवळी, धडगाव भागात पाड्यापाड्याला जाणारी आरोग्य विभागाची गाडी, या सगळ्या वर्षभर कठीण वापरातच आहेत. त्यांनी पाच हजार किलोमीटरला किंवा सहा महिन्यांनी ऑइल बदलावे. दर रविवारी सुरतला हायवेने जाऊन येणाऱ्या आणि एरवी उभ्या असणाऱ्या कारला पूर्ण मुदत चालेल. पण तिची वर्षाची मर्यादा पाळावीच, कारण उभ्या गाडीतले ऑइलही जुने होते.

ऑइल बदलताना फिल्टर दरवेळी बदलावा. जुन्या फिल्टरमध्ये अडकलेले काळे ऑइल आणि कचरा नव्या ऑइलमध्ये लगेच मिसळतो. धुळीच्या भागात एअर फिल्टरकडेही तितकेच लक्ष हवे. फाटलेल्या एअर फिल्टरमधून आत गेलेली बारीक माती सिलिंडरची भिंत घासते आणि तिथून ऑइलमध्ये उतरते. तिच्यापुढे महागातल्या महाग ऑइलचेही काही चालत नाही.

सिंथेटिक घ्यावे का? हँडबुकातला ग्रेड ०डब्ल्यू-२० असेल तर हा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, कारण इतके पातळ ऑइल चांगल्या बेस ऑइलशिवाय तयारच होत नाही. जुन्या डिझेलला १५डब्ल्यू-४० खनिज ऑइल वेळेवर बदलले तर पुरते. अशा ऑइलसाठी लागणारे बेस ऑइल मुंबईत माहुलच्या हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनरीतही तयार होते. सिंथेटिकचा फायदा घाटात आणि टर्बोत दिसतो, कारण ते जास्त तापमान सहन करते. मात्र 'सिंथेटिक आहे, वीस हजार चालवा' असे कोणी सांगितले तर ऐकू नये. धूळ, इंधन आणि ओलावा सिंथेटिकमध्येही तेवढेच मिसळतात.

गिअर ऑइल: विसरलेला डबा

इंजिन ऑइल वेळेवर बदलणारे कित्येक मालक गिअरबॉक्सचे ऑइल गाडी विकेपर्यंत पाहत नाहीत. तिथे पहिला घोळ आकड्यांचा होतो. गिअर ऑइलवर ७५डब्ल्यू-९० किंवा ८०डब्ल्यू-९० लिहिलेले असते आणि ते इंजिन ऑइलच्या ४० पेक्षा दुप्पट घट्ट असणार असे वाटते. पण दोन्हींच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. गिअर ऑइलचे ९० हे दाटीत इंजिन ऑइलच्या साधारण ४० ते ५० इतकेच भरते.

दाटीपेक्षा महत्त्वाचा असतो वर्ग, जीएल-४ की जीएल-५. जीएल-५ मध्ये दातांवरचा प्रचंड दाब सहन करणारी गंधक-फॉस्फरसची रसायने जवळपास दुप्पट असतात. मागच्या चाकांच्या हाउसिंगमधल्या क्राउन-पिनियनला हेच लागते, कारण तिथे दात एकमेकांवर घासत सरकतात. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या पितळी सिंक्रो रिंगना मात्र बहुतेक वेळा जीएल-४ हवे असते. जीएल-५ त्यांच्यासाठी जास्त निसरडे ठरते, गिअर अडकून पडू लागतो आणि काही प्रकारची रसायने पितळेला खातातही. बोलेरोसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि हाउसिंग वेगळे असतात, त्यामुळे दोन वेगळी ऑइले लागू शकतात. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच खोक्यात असतात आणि एकच ऑइल दोन्हींना पुरते. गॅरेजात एकाच मोठ्या बॅरलमधून सगळ्या गाड्यांना 'नव्वद नंबर' भरला जात असेल तर तो कोणत्या वर्गाचा आहे हे विचारावे.

ऑटोमॅटिक गाडीत तर स्वतःच्या अंदाजाने काहीच ओतू नये. साध्या टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकला एटीएफ लागते, सीव्हीटीला तिचे स्वतंत्र फ्लुइड आणि ड्युअल क्लचला आणखी वेगळे. सीव्हीटीत चुकीचे फ्लुइड गेले तर पट्टा घसरू लागतो आणि अख्खा गिअरबॉक्स कामातून जातो. एएमटीची गोष्ट वेगळी. तिच्या आत मॅन्युअलचाच गिअरबॉक्स असतो, फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम यंत्र करते. त्यामुळे तिला बहुधा मॅन्युअलचेच गिअर ऑइल लागते.

पावसाळ्यातला एक धोका या जिल्ह्यात फार खरा आहे. नवापूर, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत नद्या-नाल्यांवर फरशी पूल आहेत. चढातून तापून आलेली गाडी पाण्यात उतरली की हाउसिंग एकदम थंड होते, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा खराब सीलमधून पाणी आत ओढले जाते. असे ऑइल दुधाळ, चहासारखे दिसते. त्यात दाताला वंगण मिळत नाही आणि बेअरिंगला गंज चढतो. पाणी हाउसिंगच्या वर आले असेल, तर चार दिवसांत लेव्हल नट उघडून पाहावे. दुधाळ रंग दिसला तर किलोमीटर न पाहता ऑइल बदलावे. फरशीवरून पाणी वाहत असताना गाडी घालणे जिवाला धोक्याचे आहे, ते टाळलेलेच बरे.

दर आठवड्याची पाच मिनिटे

गाडी सपाट जागी लावावी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे, म्हणजे ऑइल खाली चेंबरमध्ये उतरते. गेजची कांडी काढून स्वच्छ फडक्याने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेकडे असावे. बऱ्याच कारमध्ये खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. म्हणून थोडे-थोडे ओतून पुन्हा पाहावे. वरच्या खुणेच्या पुढे भरले तर क्रँक ऑइल घुसळतो, फेस होतो आणि दाब पडतो. पातळी अचानक वाढली असेल तर ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी उतरत असल्याची ती खूण आहे. चालत्या गाडीत लाल रंगाची ऑइलची लाइट लागली, तर पुढच्या गावापर्यंत गाडी रेटू नये. बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद करावे. घाट चढून वर पोहोचल्यावर टर्बो गाडी मिनिटभर न्यूट्रलवर चालू ठेवून मगच बंद करावी.

डबा ओळखीच्या दुकानातून, पक्क्या बिलावर घ्यावा. सील, बॅच नंबर, तारीख आणि क्यूआर कोड तपासावा. ऑइल आपल्यासमोर उघडायला आणि ओतायला सांगावे आणि रिकामा डबा तिथेच तोंड कापून टाकावा, म्हणजे तो पुन्हा भरून विकला जाणार नाही.

काढलेल्या काळ्या ऑइलचाही प्रश्न आहे. लाकडी खांबांना वाळवी लागू नये म्हणून ते लावतात, शेताच्या बांधावर किंवा गटारात ओततात. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी ऑइल कंपन्यांवर टाकणारे नियम लागू झाले आहेत. नाल्यात ओतलेले ऑइल शेवटी नदीलाच मिळते. गॅरेजवाल्याने ते बंद ड्रममध्ये साठवून अधिकृत गोळा करणाऱ्याकडे द्यावे आणि ग्राहकाने तसा आग्रह धरावा.

पुढच्या सर्व्हिसिंगला जाण्याआधी वाचकांनी हँडबुक उघडून इंजिन ऑइलचा ग्रेड आणि वर्ग, गिअरबॉक्सचे ऑइल, हाउसिंगचे ऑइल आणि कठीण वापराची मुदत या चार गोष्टी एका चिठ्ठीवर लिहून ती डॅशबोर्डच्या खणात ठेवावी. हँडबुक हरवले असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर सांगून ही माहिती मागता येते. मिस्तरीच्या हातात ती चिठ्ठी द्यावी आणि ऑइल बदलल्याची तारीख व किलोमीटर तिच्याच मागे लिहून घ्यावेत.